परिशिष्टातली उलटी चिन्हं

बाईंचा कुणावरच विश्वास नव्हता, पण त्यात आपपरभाव नव्हता. दुकानदार, डॉक्टर, शेजारीण, हवामानाचा अंदाज, सगळ्यांना एकच माप. किती वाजले हेसुद्धा त्या दोन घड्याळं बघून ठरवत. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा असल्यामुळे घरात घड्याळांना तोटा नव्हता. त्यातली कुठलीही दोन जुळत नसत, हा भाग वेगळा. "जुळली असती तर मला जास्त काळजी वाटली असती," असं त्या म्हणत.

नोकरी एका संशोधन संस्थेत, तिसऱ्या मजल्यावर, सैद्धांतिक कणभौतिकीच्या विभागात. खालच्या मजल्यांवर यंत्रं होती, पंप होते, जाडजूड तारा होत्या. तिथे माणूस काम करतोय हे निदान आवाजावरून कळे. तिसऱ्या मजल्यावर फक्त काळे फळे, खडू आणि कचऱ्याच्या टोपल्या. जगातल्या सगळ्यात लहान कणांनी कसं वागावं हे इथली माणसं खिडकीबाहेर बघत ठरवायची. त्यांनी खरोखरच काही केलं की नुसतंच बाहेर बघितलं, याचा एकच पुरावा असे: छापून आलेला शोधनिबंध. त्यामुळे वर्षाअखेरीला कोणाच्या नावावर किती निबंध, याची यादी व्हायची, आणि ती करायच्या बाई.

एकतीस वर्षांपूर्वी त्या टायपिस्ट म्हणून आल्या, तेव्हा टाइपरायटरमध्ये अक्षरांचा एक धातूचा गोळा असे. साधी अक्षरं एका गोळ्यावर, ग्रीक दुसऱ्यावर, गणिती चिन्हं तिसऱ्यावर. एका समीकरणात सात-सात वेळा गोळा बदलावा लागे. भौतिकशास्त्रातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण हात कळत. कोण आपल्या सातला मध्ये रेघ देतो, कोणाचा कंस घाईत उघडतो आणि मिटायचा राहतो, कोण समीकरणाआधी "साहजिकच" लिहितो आणि तिथेच नेमका अडकलेला असतो. विभागातल्या माणसांना एकमेकांचं संशोधन समजत असे. बाईंना माणसं समजत.

पुढे संगणक आले आणि सगळे आपापलं टाइप करू लागले, वाईट पण आपापलं. बाईंच्या हाती यादी उरली. त्या यादीत त्यांच्या स्वभावाचं सोनं झालं. एकाच निबंधाला दोन मथळे देऊन दोनदा मोजणारा त्यांनी पहिल्याच वर्षी पकडला. दुसऱ्याचा एक निबंध सहा वर्षं 'तयारीत' होता, त्यापुढे त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, "एवढ्यात मूल शाळेत गेलं असतं." या धंद्यात लेखकांची नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने छापतात. ज्याचं आडनाव वर्णमालेत आधी, तो जन्मभर पहिला. नव्याने आलेल्यांना बाई बजावत, "पहिलं नाव बघून भुलू नका. ते वडिलांचं कर्तृत्व असतं."

पोरं त्यांना पाठीमागे 'भिंग' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. कोण पहिल्यांदा म्हणालं तेही.

हाताने लिहिणारा आता एकच उरला होता. त्याला सगळे मौनी म्हणत. निवृत्तीचं वय उलटलेलं, पण दर दोन वर्षांनी समिती त्याच्या खोलीला मुदतवाढ देई. माणूस असा की "नमस्कार" म्हणायचं तरी आधी विचार करी. त्याच्या फळ्याच्या कोपऱ्यात "पुसू नये" असं लिहिलं होतं, तेही आता पुसट झालं होतं. यादीतला त्याचा आकडा गेली अकरा वर्षं शून्य होता. दर वर्षी बाई त्याच्यापुढे शून्य काढत, आणि ते नीट गोल काढत, कारण वेड्यावाकड्या शून्याला लोक इंग्रजी सहा समजतात.

या वर्षी विभागप्रमुख बाईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. ते तरुण होते आणि वाईट बातमी हसत सांगायचा त्यांना सराव होता.

"बाई, शुक्रवारी तीन वाजता समिती. या वेळी फक्त आकडा बघणार आहेत. मौनींचा काय आहे?"

"गोल आहे."

"मग अवघड आहे. खोली जाणार. आणि खरं सांगायचं तर तुमचं टेबलही त्यांच्या टायपिंगच्या नावावरच आहे. तुम्हाला तळघरातल्या वाचनालयात घेतील. तिथे शांतता असते."

"मेलेल्या माणसालासुद्धा शांतता असते," बाई म्हणाल्या.

हे झालं सोमवारी सकाळी. आणि सोमवारी दुपारी मौनीने सव्वीस हस्तलिखित पानं आणून बाईंच्या टेबलावर ठेवली. वरचं मथळ्याचं पान नव्हतं. "ते मागाहून देतो," एवढंच बोलून तो गेला.

अकरा वर्षं शून्य, आणि समितीच्या चार दिवस आधी सव्वीस पानं. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. तशी ती रोजच चुकचुके, पण या वेळी आवाज जवळून आला.

मंगळवारी त्या टाइप करायला बसल्या. पहिली अठरा पानं मौनीची, यात वाद नव्हता. अक्षर त्याचं, कंस त्याचे, कुठेही "साहजिकच" नाही. मग परिशिष्ट चार सुरू झालं आणि बाईंचा हात थांबला. अक्षर मौनीचंच होतं. चिन्हं त्याची नव्हती.

या लोकांच्या हिशेबात काळ आणि जागा यांना उलट चिन्हं द्यावी लागतात: एकाला अधिक, तर दुसऱ्याला उणे. कोणाला काय द्यायचं हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. रस्त्याच्या डावीकडून गाडी हाका की उजवीकडून, पोचता तिथेच. फक्त अर्धा रस्ता इकडून आणि अर्धा तिकडून, असं करायचं नाही. मौनी आयुष्यभर काळाला अधिक देत आला होता. परिशिष्ट चारमध्ये काळाला उणे होतं, पानामागून पान, एकदाही न चुकता. तिसऱ्या मजल्यावर असं लिहिणारा एकच माणूस होऊन गेला. त्याला सगळे उलटे सर म्हणायचे, आणि त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

चोरी करणारा निदान शर्टाची बटणं तरी बदलतो. याने तेवढेही कष्ट घेतले नव्हते.

उलटे सर आणि मौनी यांचं काय झालं होतं, ते बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं, कारण त्या दिवशी व्याख्यानाला खुर्च्या त्यांनीच मोजल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वी उलटे सरांनी आपला मोठा निष्कर्ष फळ्यावर मांडला. मौनी, जो कधी बोलत नसे, तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "दुसऱ्या पदाचं चिन्ह चुकलंय. ते उलट केलं की दोन्ही पदं एकमेकांना खाऊन टाकतात आणि उत्तर शून्य येतं." उलटे सरांनी खडू खाली ठेवला. ते बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी निबंध मागे घेतला. मग दोन वर्षं दोघे एकाच जिन्याने ये-जा करत राहिले, पण वेगवेगळ्या वेळी. आणि मग उलटे सर गेले.

चुकलं म्हणून ज्याला गप्प बसवलं, त्याचंच आता स्वतःच्या नावावर छापायचं! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उलटे सरांशी त्यांचं फार सख्य होतं असं नाही. पण निबंधाच्या शेवटी आभार मानताना "टंकलेखनाबद्दल" असं लिहून बाईंचं पूर्ण नाव घालणारे ते एकटेच होते. बाकीच्यांनी चर्चेबद्दल, सूचनांबद्दल, परदेशातल्या कॉफीबद्दलसुद्धा आभार मानले. सात वेळा गोळा बदलणारीचे मानले नाहीत.

अर्थात हे बोलून दाखवलं, तर मौनीची खोली गेली, आणि त्यामागे आपलं टेबल. बाईंनी हा विचार दोनदा तपासला. चोर पकडण्यासाठी आपण स्वतःचं टेबल द्यायला तयार आहोत, हे पाहून त्यांना आपला थोडा अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला म्हणून लगेच आपलाही संशय आला.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या उलटे सरांच्या घरी गेल्या. दुसरा मजला, अरुंद जिना, दाराला आतून दोन कड्या. सरांची बायको शहाणी आहे, असं त्यांचं तेवढ्यावरूनच मत झालं. सरांच्या वह्या चार खोक्यांत भरून पलंगाखाली ठेवलेल्या होत्या.

"वहिनी, सरांच्या वह्या कुणी बघायला येतं का हो?" बाईंनी पाण्याचा पेला हातात धरून सहज विचारल्यासारखं विचारलं.

"येतात की. तुमचे ते न बोलणारे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी. नऊ वर्षं झाली."

"नऊ वर्षं! आणि करतात काय?"

"त्या खुर्चीत बसतात, वही उघडतात. जेवा म्हटलं तर नको. एकदा मलाच विचारलं, वहिनी, हा सात आहे की एक? मी म्हटलं, भावजी, मला यांनी लिहिलेली वाणसामानाची यादी कधी लागली नाही, आणि हे काय लागतंय!"

"वह्या नेल्या का त्यांनी?"

"एकही नाही. इथेच बसून उतरवून घेतात."

"उतरवून," बाई म्हणाल्या. त्यांनी पेला खाली ठेवला. "रडतात-बिडतात का?"

"छे हो! उलट चिडतात. परवा वही धाडकन मिटली आणि म्हणाले, हा माणूस चुकतच नाही हो!" वहिनी हसल्या. "मी म्हटलं, माझ्याशी चाळीस वर्षं बोलला असता तर दिसल्या असत्या चुका."

बाई जिना उतरल्या त्या सगळं जुळवतच. माल चोखंदळपणे निवडणारा चोर, आणि चोखंदळपणाच्या भरात मालाच्या मालकिणीपुढेच मालाची तारीफ करणारा. असा निर्ढावलेपणा त्यांनी पाहिला नव्हता.

गुरुवारी दुपारी टाइप केलेली पानं छातीशी धरून त्या मौनीच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मौनी खिडकीबाहेर बघत होता.

"सर, परिशिष्ट चारमध्ये काळाला उणे आहे."

"हो."

"तुम्ही अधिक देता."

"हो."

"मग ही चिन्हं कुणाची?"

मौनीने त्यांच्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच पूर्ण बघितलं. "तुम्हाला दिसलं?" तो म्हणाला. "मला वाटलं होतं, कुणालाच दिसणार नाही."

"चोरांना असंच वाटतं," बाईंच्या तोंडून निघून गेलं. जिभेला हाड असतं तर ते त्या क्षणी मोडलं असतं.

मौनी चिडला नाही. त्याने खुर्ची सरकवून दिली. मग तो बोलू लागला. बाईंनी मागाहून हिशेब केला, तेव्हा त्या दहा मिनिटांत तो आधीच्या दहा वर्षांपेक्षा जास्त बोलला होता.

"ते परिशिष्ट त्याचं आहे, म्हणून त्याच्याच चिन्हांत ठेवलं. त्याचं चिन्ह बरोबर होतं. मी माझ्या सवयीने वाचलं. त्याच्या पद्धतीत ते चिन्ह दोनदा उलटतं. मी एकदाच उलटवलं आणि उभा राहून चूक म्हणालो. मी बोलत नाही ना, म्हणून बोललो की लोक खरं मानतात. त्यानेही मानलं."

"आणि हे तुम्हाला आत्ता कळलं? नऊ वर्षांनी?"

"नाही. ते पहिल्याच शनिवारी कळलं."

"मग उरलेली नऊ वर्षं?"

मौनी फळ्याकडे वळला. "दुसरी चूक शोधत होतो. एकशे चाळीस पानांचं गणित आहे. एवढ्यात कुठेतरी एक तरी चूक असतेच. ती सापडली असती, तर मी त्या दिवशी उठून उभा राहिलो ते अगदीच चुकीचं ठरलं नसतं. सगळं त्याच्या पद्धतीने करून पाहिलं, मग माझ्या पद्धतीने. परत त्याच्या."

"सापडली?"

"नाही."

 मौनीने खणातून एक चिठ्ठी काढून दिली. "मथळा आणि शेवटचे आभार. हे टाइप करा म्हणजे झालं."

बाईंनी चिठ्ठी वाचली. मथळ्याखाली लेखक म्हणून एकच नाव होतं, उलटे सरांचं. आणि शेवटी, आभारांत, इतर दोघातिघांच्या खाली: "आकडेमोड तपासल्याबद्दल", पुढे मौनीचं नाव.

"सर, म्हणजे तुमच्या नावावर काय?"

"शून्य."

"समिती उद्या आहे."

"माहीत आहे. आकडा बरोबरच आहे."

बाई परत आपल्या टेबलाशी आल्या. चोर पकडण्यापायी टेबल गेलं असतं तर गोष्ट होती. आता टेबल तर जाणार, आणि चोरही नाही. एवढा मोठा संशय वाया गेल्याची त्यांना सवय नव्हती. आणि मूळ प्रश्न राहिलाच: कुठला माणूस स्वतःचा निबंध असा देऊन टाकतो? या मजल्यावर लोक पाव ओळीसाठी आयुष्यभर अबोला धरतात. यातही कुठेतरी पाणी मुरत असणारच.

संध्याकाळी नवरा डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात डोकावत होता. बाईंनी सगळं सांगितलं, त्याने मान वर न करता ऐकलं.

"नऊ वर्षं तपासलं म्हणतेस?"

"अहो, तेच तर सांगतेय मघापासून."

"हे बघ. गिऱ्हाइकाचं घड्याळ मी उघडलं, एकेक चाक पुसलं, परत बसवलं, आणि दोष काहीच निघाला नाही. तर मी चिठ्ठीवर काय लिहितो?"

"काय?"

"'तपासले'. आणि खाली सही."

"दोष निघाला नाही तर सही कशाला?"

"अगं, उद्या बंद पडलं तर कुणाला धरायचं ते कळायला नको?"

बाई उठल्या. दोन्ही घड्याळं बघितली आणि म्हणाल्या, "मेलेल्या माणसाला धरता येत नाही."

"तेच म्हणतोय मी," घड्याळवाला म्हणाला. तो नेमकं काय म्हणत होता हे त्याला ठाऊक होतं की नाही, याची बाईंना आजही खात्री नाही.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता त्या विभागात होत्या. एकतीस वर्षांत हस्तलिखितात नसलेला स्वल्पविरामसुद्धा त्यांनी पदरचा घातला नव्हता. आता मथळ्याखाली त्यांनी उलटे सरांचं नाव टाइप केलं, त्याच्याआधी "दिवंगत" लिहिलं, आणि मग त्याच ओळीत मौनीचं नाव टाइप केलं. कोणाचं आधी हा प्रश्न नव्हता. अक्षरक्रमाने उलटे सरच आधी येत. आभार मात्र चिठ्ठीत होते तसेच ठेवले. त्यामुळे निबंधाचा एक लेखक शेवटच्या पानावर स्वतःचेच आभार मानत होता. बाईंच्या लक्षात आलं होतं. पण एका दिवसात किती लबाड्या करायच्या, याला काही मर्यादा असते.

छापील पानं मौनीच्या टेबलावर ठेवून त्या परत आल्या आणि फाइली सारख्या करत बसल्या. आधीच सारख्या होत्या.

मौनी मुद्रितं वाचायचा तेव्हा लाल पेन्सिलीने वाचायचा, आणि त्याच्या पेन्सिलीतून टिंबसुद्धा निसटत नसे. आज तो दोन तास वाचत होता. साडेअकराला आला, पानं टेबलावर ठेवली, उभा राहिला. आता काही बोलेल असं वाटलं, तेवढ्यात गेला.

सतरा दुरुस्त्या होत्या. पान चारवर एक कंस, पान नऊवर निसटलेला घातांक, परिशिष्टात तीन टिंबं. पहिल्या पानावर, दोन नावांच्या त्या ओळीपाशी, काहीच नव्हतं. पान इतकं स्वच्छ होतं की बाईंनी ते उजेडापुढे धरून बघितलं. मग शेवटचं पान उलटलं. तिथे आभारांत मौनीने स्वतःचं नाव खोडलं होतं, "आकडेमोड तपासल्याबद्दल" हेही खोडलं होतं, आणि वर बारीक अक्षरात बाईंचं पूर्ण नाव लिहिलं होतं, आडनावातल्या जोडाक्षरासकट बिनचूक.

म्हणजे पहिलं पान त्याने बघितलं होतं.

सतराही दुरुस्त्या करून बाईंनी बारा वाजायला दहा मिनिटं असताना निबंध विभागाच्या नावाने संगणकावरच्या सामायिक भांडारात चढवला. तिथे चढला की छापून आल्यासारखाच यादीत धरायचा, असा नियम होता. मग यादी उघडली आणि मौनीच्या रकान्यातला नीट गोल काढलेला आकडा खोडून तिथे एक लिहिला. उभी रेघ. तिचं दुसरं काही होऊ शकत नव्हतं, तरी त्यांनी ती जरा जाड केली.

तीनची समिती सव्वातीनला उठली. विभागप्रमुख हसतच बाहेर आले, त्यामुळे बाई टेबलाचा खण रिकामा करायला लागल्या. "दोन वर्षं मिळाली," ते म्हणाले. "एक तर एक. पण काय हो बाई, अकरा वर्षांत एक, आणि तोही मेलेल्या माणसाबरोबर? काही भानगड नाही ना?"

"तपासलंय," बाई म्हणाल्या.

महिन्याभरात वहिनींचा फोन आला. मौनी पहिल्या शनिवारी आला होता. वही उघडली नाही, पहिल्यांदाच जेवला, आणि निबंधाची प्रत ठेवून गेला. "मला त्यातलं कळत नाही," वहिनी म्हणाल्या, "पण यांचं नाव पहिलं आहे." ते आडनावाचं कर्तृत्व आहे, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिथेच ठेवलं.

स्वतःची प्रत त्यांनी घरी आणून नवऱ्याच्या भिंगाखाली धरली होती.

"माझ्या नावापुढे आभार आहेत, पण कशाबद्दल ते लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "बाकी सगळ्यांपुढे कारण आहे. चर्चेबद्दल, वह्या दाखवल्याबद्दल. माझ्याच पुढे काही नाही. हे आभार आहेत, की त्यांचं नाव घुसडणाऱ्या बाईचं नाव पुराव्यादाखल छापून ठेवलंय?"

"मग विचार की त्यांना."

"विचारलं."

"काय म्हणाले?"

बाईंनी भिंग पुसून त्याच्या जागी ठेवलं. "खिडकीबाहेर बघितलं," त्या म्हणाल्या. "पण हसून."